सोडलेल्या जागेतला मजकूर

१९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्या मॅन्युअलमधलं ‘मॅलॉक’चं पान आज पुन्हा वाचलं, की सी भाषेला पुढची चार दशकं जडलेल्या दुखण्याचं मूळ तिथंच दिसतं. व्यवहार साधा आहे. प्रोग्रामला काही वेळापुरती मेमरी हवी असेल तर मॅलॉककडे तेवढे बाइट मागायचे, तो मोकळ्या जागेचा पत्ता देतो. काम झालं की तोच पत्ता ‘फ्री’ या फंक्शनला द्यायचा, जागा परत जमा होते. पण त्या पानावर फ्रीबद्दल एक जादा खुलासा आहे. जागा पुढच्या मागणीसाठी मोकळी होते, मात्र तिच्यातल्या मजकुराला धक्का लागत नाही, असं तिथं सांगितलं आहे. घेतलेल्या जागेचा आकार बदलून देणाऱ्या ‘रिअ‍ॅलॉक’ला तर त्याहून मोठी सवलत आहे: मॅलॉक शेवटचं बोलावल्यानंतर जो तुकडा फ्री केला असेल, तो रिअ‍ॅलॉकच्या हाती दिला तरी चालतो. आधी फ्री, मग मॅलॉक, मग रिअ‍ॅलॉक अशी साखळी लावून विखुरलेली जागा एकत्र आणता येते, हा त्या सवलतीचा उपयोगही मॅन्युअलच सांगतं. परत केलेली जागा पुढची मागणी येईपर्यंत वापरणं ही त्या काळी चूक नव्हती. ते छापील, अधिकृत तंत्र होतं. पीडीपी-११ यंत्राचा पत्ता सोळा बिटांचा, म्हणजे एका वेळी ६४ किलोबाइटची हद्द. तिथं एकेक तुकडा जपून वापरावा लागे, आणि ही युक्ती त्या गरजेतून आली होती.

तात्पुरत्या मेमरीच्या चुका म्हणजे प्रोग्रामरचा निष्काळजीपणा, असं वर्गात शिकवलं जातं आणि कामाच्या ठिकाणीही तेच ऐकू येतं. हे मला अपुरं वाटतं. माणूस चुकतो हे खरंच. पण या चुका वर्षानुवर्षं टिकून राहिल्या, पोसल्या गेल्या, त्या खालची मेमरी त्या निमूटपणे सोसत राहिली म्हणून. सोडलेल्या जागेत जुना मजकूर शाबूत असला की चुकीचा प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, आणि बरोबर उत्तर देणाऱ्या प्रोग्रामवर कोणी संशय घेत नाही. सी प्रोग्रामच्या डीबगिंगचा इतिहास हा हुशार माणसांनी चुका हुडकल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो मेमरीचा हा सोशिकपणा एकेक पायरीनं, मुद्दाम, मोडून काढल्याचा इतिहास दिसतो. जिथं तो मोडला तिथं चुका सापडल्या. जिथं कोणत्याही कारणानं तो शिल्लक राहिला तिथं त्या लपून राहिल्या.

मुळात सी भाषेला जागेची मुदत कळत नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास भाषेला आकार दिला तेव्हा फंक्शनच्या आतले व्हेरिएबल स्टॅकवर राहतील आणि फंक्शन संपलं की त्यांची जागा जाईल, एवढंच भाषेनं स्वतःकडे ठेवलं. बाकीची मेमरी वाटण्याचं काम साध्या फंक्शनांवर सोपवलं. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात हे स्पष्ट दिसतं. पाचव्या प्रकरणात ते एक अगदी छोटा वाटप करणारा लिहून दाखवतात: एक ठरावीक लांबीचा अ‍ॅरे, आणि त्यात कुठवर भरलं हे सांगणारा एक पॉइंटर. जागा घेतली की पॉइंटर पुढे, सोडली की मागे. त्यात अट अशी की शेवटी घेतलेली जागा आधी सोडायची. ही अट तपासणारं मात्र त्या कोडमध्ये काहीच नाही. ती वाचकाला शब्दांत सांगितलेली आहे. शेवटच्या प्रकरणातला मोठा, मोकळ्या तुकड्यांची गोलाकार यादी ठेवणारा वाटप करणाराही असाच सी भाषेतच लिहिलेला आहे. शिकवण म्हणून ही फार सुंदर गोष्ट आहे, कारण यंत्राच्या पोटात काय चालतं ते विद्यार्थ्याला उघडं दिसतं. पण तिचा दुसरा अर्थ असा, की कुठली जागा कोणाची आणि कधीपर्यंत, हा सगळा करार बोलीचा आहे. तो प्रोग्रामरच्या डोक्यात असतो, फार तर कॉमेंटमध्ये असतो. कंपायलरला त्याचा पत्ता नसतो.

त्या बोलीच्या कराराचं काय होतं, हे एका छोट्या लूपमध्ये दाखवता येतं. लिंक्ड लिस्ट आहे, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा पत्ता आहे. सगळी लिस्ट मोकळी करायची आहे. हात सहज लिहितो ते असं: पहिल्या नोडपासून सुरू करा, नोड फ्री करा, मग त्याच नोडमधला ‘नेक्स्ट’ वाचून पुढे जा, शून्य आलं की थांबा. चूक मधल्या पायरीत आहे. नोड फ्री करून झाल्यावर त्याच नोडमधला पत्ता वाचला जातो. पुढचा पत्ता आधी बाजूला काढून ठेवायचा आणि मग फ्री करायचं, एवढाच उपाय. कर्निहन आणि रिची यांनी १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच लूप नेहमी आढळणारी चूक म्हणून छापला. आता तोच लूप सातव्या आवृत्तीच्या युनिक्सवर चालवल्याची कल्पना करा. फ्री मजकुराला धक्का लावत नाही, हे मॅन्युअलचं आश्वासन आहे. मधे कोणी नवी मागणी केलेली नाही. लूप बिनचूक चालेल. तिथं ज्यानं हात बसवला त्याला निष्काळजी म्हणता येत नाही, तो त्याच्या यंत्राच्या रिवाजानं वागत होता. १९८९ साली अमेरिकेच्या अन्सी संस्थेनं सी भाषेचं प्रमाणीकरण केलं आणि फ्री केलेल्या जागेला हात लावण्याचा परिणाम काहीही होऊ शकतो असं ठरवून टाकलं. नियम बदलला. लिहून झालेलं कोड आणि बसलेली सवय मात्र तशीच राहिली.

सवय किती चिवट होती याचा पुरावा खुद्द विक्रेत्यांच्या मॅन्युअलमध्ये आहे. सिस्टिम व्ही युनिक्समध्ये मॅलॉकची एक वेगळी, वेगवान लायब्ररी आली, आणि तिच्या वागण्यात फेरफार करायला ‘मॅलॉप्ट’ नावाचं फंक्शन आलं. त्याच्या पर्यायांत ‘एम-कीप’ नावाचा एक पर्याय आहे: पुढची मागणी येईपर्यंत फ्री केलेल्या तुकड्यातला मजकूर जपून ठेवा. शेजारीच लिहिलेलं आहे की हा पर्याय केवळ जुन्या मॅलॉकशी जुळवून घेण्यासाठी आहे, वापरू नये. वापरू नये अशी गोष्ट बनवावी लागते, तेव्हा तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम दुर्लक्ष करता येणार नाही इतके असतात. जोएल स्पॉल्स्की यांनी नोंदवलेली सिमसिटी या खेळाची हकिकत याच जातीची आहे. तो खेळ नुकतीच फ्री केलेली मेमरी वाचत असे. डॉसवर ते खपून जाई, कारण सोडलेली जागा लगेच कोणी घेत नसे. विंडोज ९५ करताना ते अडलं, आणि मायक्रोसॉफ्टनं त्या खेळापुरतं मेमरी वाटण्याचं वागणंच सैल केलं, म्हणजे सोडलेली जागा थोडा वेळ तशीच राहू दिली. ग्राहकाच्या दृष्टीनं हा निर्णय योग्य होता, त्यानं विकत घेतलेला खेळ चालू राहिला. पण चूक कुठं मुरते हे त्यातून कळतं: प्रोग्रामच्या चुकीचं ओझं ऑपरेटिंग सिस्टिमनं उचललं की ती चूक कायमची होते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो इथं. नव्वदच्या दशकात, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, इथल्या मुलामुलींनी सी शिकली ती बोरलँडच्या टर्बो सी या कंपायलरवर, बहुतेकदा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ शेजारी उघडून. टर्बो सी डॉसवर चालत असे आणि डॉसमध्ये एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखणारं काही नव्हतं. शून्य पत्त्यावर लिहिलं तरी प्रोग्राम पुढे चालत राहायचा, आणि सगळं आटोपल्यावर शेवटी पडद्यावर एक ओळ उमटायची: ‘नल पॉइंटर असाइनमेंट’. ती ओळ कशी येई हे पाहण्यासारखं आहे. लहान मेमरी मॉडेलमध्ये डेटा सेगमेंटच्या अगदी सुरुवातीला कंपनीच्या कॉपीराइटचा मजकूर ठेवलेला असे. प्रोग्राम संपताना रनटाइम त्या बाइटांची बेरीज ताडून पाही. जुळली नाही, तर मधे कधीतरी कोणीतरी शून्याच्या आसपास लिहिलं, एवढं निश्चित. कोणत्या ओळीनं लिहिलं, कधी लिहिलं, यातलं काही त्याला सांगता येत नसे. घरफोडी झाल्याचं कुलूप पाहून कळावं पण चोर कोण ते कळू नये, तसं. प्रोग्रामनं उत्तर बरोबर छापलेलं असे, म्हणून ती ओळ दुर्लक्षिली जाई. एका अख्ख्या पिढीचा सी भाषेशी परिचय अशा सोशिक यंत्रावर झाला, आणि पुढे तीच पिढी जगभरच्या सर्व्हरचं कोड सांभाळायला गेली. या गोष्टीचं वजन आपण पुरेसं ओळखलेलं नाही.

सोशिकपणा मोडण्याची सुरुवात तशी लवकर झाली होती. सातव्या आवृत्तीच्या त्याच पानावर लिहिलेलं आहे की मॅलॉक पुन्हा कंपाइल करून घेतला तर प्रत्येक व्यवहारात तो आपल्या सगळ्या यादीची कडक तपासणी करू शकतो. सोर्समध्ये त्यासाठीचे भाग खुणा घालून वेगळे ठेवलेले आहेत आणि तपासणी फसली की प्रोग्राम थांबवणाऱ्या फंक्शनचं नाव ‘बॉच’ असं आहे, म्हणजे काम बिघडलं. पण ही तपासणी वाटपाच्या यादीची, मोकळ्या-भरल्या तुकड्यांच्या हिशोबाची. सोडलेल्या जागेतला मजकूर ती वाचू देतच होती. पुढची पायरी सोपी पण अतिशय परिणामकारक होती: जागा सोडली की तिच्यात ओळखू येईल असा कचरा भरायचा. सनच्या सोलारिस कर्नलच्या डीबगिंगमध्ये फ्री केलेली जागा ‘डेडबीफ’ या हेक्साडेसिमल आकड्यानं भरली जाई आणि घेतलेली पण अजून न भरलेली जागा ‘बॅडकॅफे’नं. मायक्रोसॉफ्टच्या डीबग लायब्ररीत नव्या जागेत सीडी, सोडलेल्या जागेत डीडी आणि तुकड्याच्या दोन्ही कडांना कुंपण म्हणून एफडी हे बाइट पडत. लिनक्स कर्नलमध्ये ६बी. आता तो मघाचा लूप चालवा. नोड फ्री झाला, त्यात डीडी भरले गेले, लूपनं ‘नेक्स्ट’ वाचला तर हाती आला चार वेळा डीडी. त्या पत्त्यावर काहीच नाही, प्रोग्राम जागीच कोसळला. डीबगरमध्ये तो आकडा दिसला की अनुभवी माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. आकड्यालाच इथं साक्ष देता येते.

तरीही कचरा भरण्यात एक उणीव होती: चूक घडते एकीकडे आणि प्रोग्राम कोसळतो भलतीकडे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुकड्याच्या कडेबाहेर एक बाइट लिहिला गेला, शेजारच्या तुकड्याचा हिशोब बिघडला, आणि लाखभर सूचना पार पडल्यावर एखाद्या निरपराध फंक्शननं मॅलॉक बोलावला तेव्हा सगळं ढासळलं. पुढे डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रकल्पाचे नेते झालेले ब्रूस पेरेन्स यांनी १९८७ साली लिहिलेलं ‘इलेक्ट्रिक फेन्स’ या उणिवेवरचं उत्तर होतं. प्रोसेसर मेमरीचे ‘पान’ नावाचे ठरावीक आकाराचे तुकडे राखतो, ती राखण त्यांनी कामाला लावली. दहा बाइट मागितले तरी किमान दोन पानं वापरायची. ते दहा बाइट पहिल्या पानाच्या अगदी शेवटाला टेकवून द्यायचे आणि दुसरं पान वाचायला-लिहायला पूर्ण बंद ठेवायचं. अकराव्या बाइटाला हात लागला की त्याच क्षणी, त्याच ओळीवर प्रोग्राम थांबतो. सोडलेली जागाही बंद करून टाकायची सोय त्यात होती, मग फ्रीनंतरचं वाचन तिथल्या तिथं पकडलं जाई. चार किलोबाइटचं पान धरलं तर दहा बाइटांसाठी आठ किलोबाइट खर्च. सातव्या आवृत्तीच्या माणसांना हा खर्च स्वप्नातही परवडला नसता, आणि त्यांच्या रिवाजाचा निवाडा करताना हे विसरता कामा नये. मेमरी स्वस्त झाली तशी तिची उधळपट्टी करून सत्य विकत घेता येऊ लागलं.

त्यानंतरची तीन साधनं एकाच दिशेनं गेली. रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी १९९२ च्या युसनिक्स परिषदेत ‘प्युरिफाय’वर निबंध वाचला. (हेच हेस्टिंग्ज पुढे नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक.) प्युरिफाय तयार ऑब्जेक्ट कोडमध्येच तपासणीच्या सूचना घुसवत असे आणि मेमरीच्या प्रत्येक बाइटामागे दोन बिट राखून त्या बाइटाची अवस्था लिहून ठेवत असे: दिलेला नाही, दिला पण भरलेला नाही, दिला आणि भरला. २००२ साली ज्युलियन सेवर्ड यांचं ‘व्हॅलग्रिंड’ आलं, फुकट आणि मुक्त. ते प्रोग्राम जणू एका कृत्रिम प्रोसेसरवर चालवून बाइटाऐवजी एकेका बिटाचा हिशोब ठेवत होतं. प्रोग्राम दहा-वीस पटींनी मंद होई, पण नुसतं मोफत असल्यामुळे ते विद्यार्थ्यांच्याही हाती पोचलं. २०१२ साली गूगलमधल्या कॉन्स्टँटिन सेरेब्र्यानी आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ मांडलं. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे सावलीसारखा एक बाइट, आणि तपासणी कंपायलरच घालून देणार. त्यांच्या निबंधातल्या मोजणीत सरासरी मंदपणा ७३ टक्के. क्रोमियम ब्राउझरमध्ये तोवर अज्ञात असलेल्या तीनशेहून जास्त चुका त्यानं काढून दिल्या. वेगाचे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण मला मोलाची वाटते ती या साधनांच्या अहवालाची घडण. व्हॅलग्रिंड किंवा सॅनिटायझर फ्री केलेला तुकडा लगेच पुन्हा वाटत नाही, रांगेत अडकवून ठेवतो. त्यामुळे कोणी त्याला शिवलं तर तीन गोष्टी एकदम सांगता येतात: आत्ता कोणत्या ओळीनं हात लावला, ती जागा कोणत्या ओळीनं सोडली होती, आणि मुळात कोणत्या ओळीनं घेतली होती. कर्निहन-रिचींच्या काळात जो करार फक्त माणसाच्या डोक्यात होता, त्याचं पंचनाम्यासारखं लेखी रूप इथं पहिल्यांदा तयार झालं.

सोशिकपणा हाच चुकांचा पोशिंदा, या म्हणण्याला २००८ साली जवळजवळ प्रयोगशाळेत मिळावा तसा पुरावा मिळाला. ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ऑटो मुरबेक नवा मॅलॉक लिहीत होते. त्यात एका पानापेक्षा थोडे लहान तुकडे पानाच्या शेवटाकडे सरकवून ठेवण्याची रीत होती, म्हणजे इलेक्ट्रिक फेन्सचीच कल्पना, पण रोजच्या वापरात. स्पार्क६४ यंत्रांवर या मॅलॉकबरोबर कंपायलर कोसळू लागला. संशय साहजिकच नव्या मॅलॉकवर गेला. शोध घेता घेता ते पोचले याक या पार्सर बनवणाऱ्या जुन्या साधनापाशी: त्याच्या स्टॅकच्या टोकाशी हद्द ओलांडली जात होती. त्यांनी जुनं कोड चाळत तो दोष १९७५ च्या, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत मागे नेला. तेहतीस वर्षं. या काळात याक अगणित कंपायलरांच्या पोटात होता, आणि तो वापरणाऱ्यांत या भाषेचे जनक होते. त्यांना निष्काळजी म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. हद्दीपलीकडे प्रत्येक वेळी काही ना काही निरुपद्रवी सापडत राहिलं म्हणून चूक जगली; हद्दीपलीकडे पहिल्यांदा बंद पान आलं आणि ती उघडी पडली.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. तुकडा तुकडा घ्यावा आणि सोडावाच कशाला? एका कामाच्या सगळ्या तात्पुरत्या जागा एकाच कोठारातून घ्या आणि काम संपलं की अख्खं कोठार मोकळं करा. ही कल्पना जुनी आहे. डग्लस रॉस यांनी १९६७ साली मेमरीचे विभाग पाडून वाटप करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डेव्हिड हॅन्सन यांनी १९९० साली आयुष्यमानानुसार गट करणारे ‘अरीना’ मांडले. अपाचे वेब सर्व्हरला रॉबर्ट थाऊ यांनी पूल दिले, दर विनंतीला एक पूल, विनंती संपली की पूल रिकामा. अपाचेसारखे सर्व्हर महिनोन् महिने चालतात याचं मोठं श्रेय या पद्धतीला आहे, आणि जागेच्या मुदतीला कोडमध्ये दिसेल असं रूप यात मिळतं म्हणून मी तिच्या बाजूचाच आहे. पण तिची एक किंमत आहे. मॅलॉकला आणि सगळ्या तपासणी साधनांना अख्खा पूल हा एकच जिवंत तुकडा दिसतो. आतली एखादी जागा मेली आहे हे त्यांना कळत नाही. सोशिकपणा मागच्या दारानं परत येतो. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी उपायही केले: अपाचेच्या लायब्ररीत डीबगसाठी प्रत्येक मागणी स्वतंत्र मॅलॉकनं भागवणारा पर्याय आहे, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सोडलेली जागा ७एफ या बाइटानं भरता येते. ज्यांनी ओळखलं नाही त्यांचं काय झालं ते ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत दिसलं. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातली ‘हार्टब्लीड’ ही सुरक्षेची चूक उघड झाली, आणि त्यानिमित्तानं जगानं ते कोड बारकाईनं वाचलं. ओपनएसएसएल सोडलेले बफर मॅलॉकला परत न देता स्वतःच्याच यादीत ठेवत असे. ओपनबीएसडीचे टेड उनँग्स्ट यांनी ती यादी बंद करून पाहिली तर प्रोग्राम चालेना. एके ठिकाणी बफर न वाचलेल्या मजकुरासकट सोडला जात होता आणि पुढच्या मागणीला तोच बफर, आतल्या मजकुरासकट, परत मिळेल असं गृहीत धरलेलं होतं. सातव्या आवृत्तीच्या रिअ‍ॅलॉकची सवलत पस्तीस वर्षांनी, कोणी जाणीवपूर्वक न ठेवता, इंटरनेटच्या सुरक्षेच्या मुळाशी जिवंत होती.

दुसरा आक्षेप साधनांवरच आहे, आणि त्याच्यामागे खरी दुर्घटना आहे. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलबद्दल व्हॅलग्रिंड आणि प्युरिफाय तक्रार करत होते की न भरलेली मेमरी वापरली जाते. तक्रार बंद करण्यासाठी यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या कोडमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक गेली असती तरी चाललं असतं. दुसरी मात्र बाहेरून आलेली सगळी यादृच्छिकता आत मिसळणारी ओळ होती. ती गेल्यावर बियाणं म्हणून उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये ल्युसियानो बेल्लो यांनी हे शोधलं तोवर वीस महिने डेबियनवर अंदाज करता येतील अशा किल्ल्या बनत होत्या. साधनाचं ऐकल्यानं घात झाला, असा निष्कर्ष काहीजण यातून काढतात. मला हीच घटना उलट साक्ष देताना दिसते. साधनानं अचूक सांगितलं होतं की इथं न भरलेला बफर वाचला जातो आहे. ते का चालतं, त्यावर काय अवलंबून आहे, हा करार मात्र पुन्हा बोलीचाच होता. ओपनएसएसएलच्या सोर्समध्ये प्युरिफायचं नाव घेऊन एका ठिकाणी पळवाट ठेवली होती, दुसऱ्या ओळीपाशी खुलासा नव्हता. तक्रार गप्प करणं आणि तक्रारीचं कारण समजून घेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि साधन पहिलीला भाग पाडत नाही.

तिसरं म्हणणं असं की ही सगळी डागडुजी आहे, भाषाच बदला. रस्टसारख्या भाषेत जागेची मुदत कंपायलर तपासतो, चुकीचा लूप कंपाइलच होत नाही. हे बरोबर आहे, आणि नव्या कामासाठी ते स्वीकारावं. साधनं फक्त चाललेली वाट तपासतात, न चाललेल्या वाटेवरचा खड्डा त्यांना दिसत नाही, ही त्यांची मर्यादाही मान्य करायला हवी. पण सीमध्ये लिहून ठेवलेलं कोड उद्या नाहीसं होणार नाही, आणि भाषेनं तात्पुरत्या जागेची जबाबदारी अर्धवट उचलली की काय होतं याचाही अनुभव सी जगताला आहे. ‘अलोका’ हे स्टॅकवर जागा देणारं फंक्शन सत्तरच्या दशकाअखेरीपासून आहे. जागा फंक्शन संपताच आपोआप सुटते, फ्री करायला नको. १९९९ च्या प्रमाणात हीच सोय भाषेत, बदलत्या लांबीच्या अ‍ॅरेच्या रूपात आली. पण दोन्हींत जागा पुरली नाही तर ते सांगायची वाटच नाही. मॅलॉक निदान शून्य देतो. २०११ च्या प्रमाणात ती सोय ऐच्छिक झाली, आणि २०१८ साली लिनक्स कर्नलमधून ते अ‍ॅरे शोधून शोधून काढून टाकण्यात आले. सोडण्याचा प्रश्न भाषेनं सोडवला, मागण्याचा तसाच ठेवला.

आणि रिअ‍ॅलॉकचा प्रश्न अजून चालूच आहे. घेतलेल्या तुकड्याचा आकार शून्य करा, असं रिअ‍ॅलॉकला सांगितलं तर काय व्हावं? १९८९ च्या प्रमाणानुसार तुकडा फ्री व्हायला हवा. पण लायब्ऱ्यांची वागणूक जुळली नाही. लिनक्सवरची ग्लिबसी तुकडा सोडते आणि शून्य पत्ता देते. बीएसडी घराण्यातली मॅलॉक एक लहानसा नवा तुकडा देतात. शून्य पत्ता म्हणजे जागा मिळाली नाही आणि जुना तुकडा अजून आपलाच, असं समजणारा प्रोग्रामर तो तुकडा पुन्हा फ्री करतो. एका यंत्रावर ते बरोबर, दुसऱ्यावर एकच जागा दोनदा सोडली गेलेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी२३ प्रमाणानं यावर निवाडा दिला तो असा: अशा बोलावण्याचा परिणाम काहीही होऊ शकतो. म्हणजे सातव्या आवृत्तीच्या पानावरचं तेच फंक्शन, आणि तो तुकडा सुटला की नाही हे आजही ज्या यंत्रावर प्रोग्राम चालेल त्या यंत्राला विचारावं लागतं.